शिमोनोसेकीचा नीलकंठ

पावसाळा ओसरून हवेत गारवा आला म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर जपानी पाहुणे दिसू लागतात. अजिंठ्याच्या लेण्यांत बुद्धमूर्तीपुढे ते हात जोडतात, वेरूळच्या कैलासापुढे माना उंच करून उभे राहतात आणि दोन-तीन दिवसांत आल्या वाटेने परत जातात. त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणारे वाटाडे ह्या शहरात तयार झाले आहेत, इतका हा परिचय मुरलेला आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आराई कांपो नावाचा जपानी चित्रकार अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला उतरून घेण्यासाठी आला होता. तोही काम आटोपल्यावर मायदेशी गेला. जपानी मनुष्याने यावे, पाहावे, नमस्कार करावा आणि परतावे, असाच येथील लोकांचा अनुभव आहे.

2006 साली भारतात आलेला एक जपानी तरुण ह्या रीतीस अपवाद ठरला. तो यात्रेकरू नव्हता आणि चित्रकारही नव्हता. फुटबॉल खेळून पोट भरावे एवढाच त्याचा हेतू होता आणि तो उतरला तो कोलकात्यास. पुढे मुंबई आणि पुणे ही त्याची कर्मभूमी झाली. सहा वर्षांनी त्याने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, आणि त्याच्या पुढल्या वर्षी भारताचा निळा पोशाख अंगावर चढवून तो आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला. जन्माने परदेशी असून नंतर भारताचा नागरिक झालेला आणि मग भारतातर्फे खेळलेला पहिला फुटबॉलपटू म्हणून त्याचे नाव नोंदले गेले आहे. त्याचे नाव अराता इझुमी.

जपानी भाषेत ‘अराता’ म्हणजे नवा आणि ‘इझुमी’ म्हणजे झरा. पण ह्या गृहस्थास दुसरेही एक नाव आहे व ते ऐकल्यावर श्रोत्यांस घरातीलच कोणी भेटल्यासारखे वाटेल. ते नाव नीलकंठ खंभोळजा. वडील गुजराती, आई जपानी, अशा घरात 31 जुलै 1982 रोजी शिमोनोसेकी येथे त्याचा जन्म झाला. इतिहास वाचलेल्यांस हे गाव ठाऊक असेलच. चीन आणि जपान यांच्या युद्धाचा शेवट ज्या तहाने झाला, तो 1895 चा तह ह्याच गावी झाला होता. जपानच्या मुख्य बेटाच्या अगदी पश्चिम टोकास, सामुद्रधुनीच्या काठावर वसलेले हे बंदर आहे. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाचे नाव नीलकंठ असावे, ही गोष्ट मौजेची खरी; परंतु पुढे कायद्याच्या दृष्टीने ह्याच पितृसंबंधास मोठे महत्त्व होते.

इझुमी मैदानावर जेथे खेळे, ती जागा नीट समजल्याखेरीज त्याचा खेळ समजणार नाही. ज्या घरांतून क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाची चर्चा होत नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. फुटबॉलच्या संघात अकरा गडी असतात. एक गोल राखतो, काही जण त्याच्यापुढे राहून शत्रूस अडवितात आणि काही जण आघाडीवर राहून गोल करण्याच्या खटपटीत असतात. ह्या दोहोंच्या मधे जी फळी असते, ती मधली फळी. जुने खेळाडू तिच्यातील गड्यास ‘हाफ’ म्हणत. आपल्या जुन्या वाड्यांत ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधे जसे माजघर असे, तशीच ही जागा आहे. पाहुणा ओसरीवर बसतो, त्याच्यापुढे ताट स्वयंपाकघरातून येते; माजघराकडे त्याचे लक्ष जात नाही. पण घरातील सगळी ये-जा माजघरातूनच चालते, आणि तेथे अडगळ झाली की साऱ्या घराचा खोळंबा होतो. मधल्या फळीच्या खेळाडूचे नाव गोल करणाऱ्यांच्या यादीत क्वचितच येते. चेंडू त्याच्याकडे मागून येतो, बहुधा पाठीवर एखादा प्रतिस्पर्धी असतो, आणि चेंडू पायाशी पोचण्यापूर्वीच तो पुढे कोणाकडे धाडावयाचा हे त्यास ठरवून ठेवावे लागते. शिवाय चेंडू हातचा गेला की धावत मागे येऊन तो पुन्हा मिळवावयाचा, हेही त्याचेच काम. दीड तासाच्या खेळात एवढी दमछाक दुसऱ्या कोणाची होत नाही. इझुमी ह्या फळीत पुढच्या अंगास खेळे. आघाडीच्या गड्यास चेंडू पुरविणे आणि संधी मिळताच स्वतः गोलाकडे धाव घेणे, असे त्याचे काम होते.

जपानात फुटबॉल शिकणाऱ्या मुलांची संख्या मोठी, आणि तेथील धंदेवाईक संघांत जागा थोड्या. तेव्हा जे तरुण चांगले असूनही पहिल्या ओळीत बसत नाहीत त्यांस बाहेरचा रस्ता धरावा लागतो. निईगाता येथील अल्बिरेक्स ह्या संघाने 2004 पासून सिंगापूरच्या साखळीत जपानी तरुणांचा एक वेगळा संघ उतरविला होता. उमेदवारी करून अंगी कस आणण्याची ती एक कार्यशाळाच म्हणावयाची. इझुमी त्या संघातून 2005 साली खेळला. तेथून पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या ईस्ट बंगालने त्यास बोलाविले. ज्या देशाने 1998 पासून एकही विश्वचषक चुकविलेला नाही त्या देशातील खेळाडूने, ज्या देशास आजवर विश्वचषकाच्या मैदानावर पाऊल ठेवता आलेले नाही त्या देशात पोटापाण्यासाठी यावे, हे वरवर पाहता उलट्या दिशेचे गणित वाटते. परंतु धंद्यात ज्यास उभे राहावयाचे आहे तो जागा कोठे मोकळी आहे हे आधी पाहतो.

कोलकात्यात एक हंगाम काढून तो 2007 साली मुंबईस महिंद्र युनायटेड ह्या संघात आला. मोटारी बनविणाऱ्या कारखान्याचा हा संघ 1962 पासूनचा. कूपरेजच्या मैदानावर त्याचे सामने पाहण्यास गिरणगावापासून वांद्र्यापर्यंतचे लोक येत. 2005-06 च्या हंगामात ह्या संघाने राष्ट्रीय साखळी जिंकलेली होती. तेथे दोन वर्षे खेळून 2009 साली इझुमी पुण्यास गेला. पुणे फुटबॉल क्लबचा जन्म 2007 चा, म्हणजे त्या वेळी संघ अगदी कोवळा. परंतु 2009-10 च्या हंगामात डेरिक परेरा यांच्या हाताखाली तो तिसरा आला, आणि 2012-13 मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत हे सामने होत. महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड पाहावयाचे तर कोल्हापुरात पाहावे, तालीम मंडळांच्या सामन्यांच्या दिवशी. पुण्याची गर्दी त्या मानाने सभ्य आणि विरळ. तरीही पुण्यातील फुटबॉल पाहणाऱ्या घरांतून इझुमी हे नाव त्या चार-पाच वर्षांत चांगलेच रुळले.

ह्या काळात त्याची गणना परदेशी खेळाडूंत होत होती. भारतातील साखळीत एका संघाने किती परदेशी गडी खेळवावयाचे यास मर्यादा असते, आणि आशिया खंडातील खेळाडूसाठी एक जागा राखलेली असे. म्हणजे इझुमी संघात असला की ती जागा भरली. तो भारतीय झाला असता तर ती जागा मोकळी होऊन संघास दुसरा परदेशी गडी आणता येणार होता. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली आहे, कारण नागरिकत्वाच्या गोष्टी सांगताना लोक केवळ भावनेकडे पाहतात. व्यवहाराची बाजूही त्यात होती, आणि ती असण्यात काही कमीपणा नाही.

आता कायद्याकडे वळावयास हवे. भारताचा नागरिकत्वाचा कायदा 1955 चा. परक्या मनुष्यास नागरिक करून घेण्याच्या त्यात मुख्यतः दोन वाटा आहेत. एकीस नोंदणी म्हणतात, दुसरीस देशीयकरण. ज्याचा ह्या देशाशी रक्ताचा संबंध नाही त्याच्यासाठी देशीयकरणाची वाट. तीत अर्जापूर्वीचे सबंध एक वर्ष भारतात काढलेले असावे लागते, आणि त्याच्या आधीच्या 14 वर्षांपैकी एकंदर 11 वर्षे येथे गेलेली असावी लागतात. म्हणजे हिशेब 12 वर्षांचा होतो. शिवाय वर्तन चांगले हवे, आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टात दिलेल्या भाषांपैकी एक तरी पुरेशी येत असावी लागते. त्या भाषांत मराठीही आहे, तेव्हा उद्या एखाद्या परदेशी गड्याने पुण्याच्या पेठांत राहून मराठीच्या बळावर हे कलम पुरे केले तर कायद्याची काही हरकत नाही. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा एकंदर मानवी प्रगती यांची ज्याने विशेष सेवा केली आहे, त्यास ह्या अटींतून सूट देण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला आहे. ह्या यादीत खेळाचे नाव नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तत्त्वज्ञ होता, खेळाडू नव्हता.

दुसरी वाट नोंदणीची, आणि ती पुष्कळ जवळची. ज्याच्या आई-बापांपैकी एक जण स्वतंत्र भारताचा नागरिक होता, असा प्रौढ मनुष्य एक वर्ष येथे राहिल्यावर अर्ज करू शकतो. भारतीय वंशाच्या इतरांस सात वर्षांची अट आहे. इझुमी 2006 मध्ये आला आणि 2012 मध्ये नागरिक झाला. वडिलांकडून आलेला धागा नसता, तर 12 वर्षांच्या हिशेबाने त्याच्या हाती भारताचा पासपोर्ट 2018 च्या आधी पडला नसता. आणि 2017-18 हा तर त्याच्या मोठ्या सामन्यांचा शेवटचा हंगाम. खेळाडूचे आयुष्य कायद्याच्या आयुष्यापेक्षा फार लहान असते.

मराठवाड्यातील जुन्या मंडळींस ह्या सगळ्या प्रकारात काही ओळखीचे सापडेल. निजामाच्या राज्यात ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ असा भेद असे. 1919 च्या नियमांनुसार सरकारी नोकरी मुल्की माणसासच मिळावयाची. बाहेरून आलेल्या मनुष्यास मुल्की व्हावयाचे तर 15 वर्षे सलग राज्यात राहावे लागे, आणि मूळ गावी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे असे प्रतिज्ञेवर सांगावे लागे. औरंगाबादेस नोकरी धरून राहिलेल्या किती तरी घरांत ह्या दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले गेले. त्या नियमात वर्षांची अट होती ती सोसण्याजोगी; कठीण होती ती दुसरी. परत जाणार नाही, असे लिहून देणे.

इझुमीसही नेमके तेच लिहून द्यावे लागले. भारताच्या घटनेस दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. जपानच्या कायद्यासही नाही. जो जपानी स्वेच्छेने दुसऱ्या देशाचा नागरिक होतो त्याचे जपानी नागरिकत्व त्याच क्षणी संपते. दोन्ही बाजूंनी दार असे बंद होत असल्यामुळे उंबरठ्यावर उभे राहण्याची सोयच नव्हती. जपानचा पासपोर्ट हा जगातील अत्यंत मानाच्या पासपोर्टांपैकी एक. तो हाती असला की दीडशेहून अधिक देशांत आगाऊ परवान्यावाचून जाता येते. भारताच्या पासपोर्टावर असे देश त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय ज्या गावी जन्म झाला, त्या गावी जावयाचे तर यापुढे परक्यासारखा परवाना मागावयाचा. तिसाव्या वर्षी, खेळाडूच्या आयुष्याची उतरण समोर दिसत असताना, त्याने हा सौदा पत्करला. भारतीय वंशाच्या परदेशस्थांसाठी 2005 पासून जे कायमचे कार्ड मिळते, ते घेऊन त्यास येथे सुखाने राहता आले असते, पगार घेता आला असता. परंतु 2008 साली केंद्र सरकारच्या क्रीडा खात्याने ठरवून टाकले होते की, भारतातर्फे खेळावयाचे तर भारताचा पासपोर्टच हवा. कार्ड चालणार नाही. भारताकडून खेळावयाचे असेल तर दुसरा मार्ग उरला नव्हता.

6 फेब्रुवारी 2013 रोजी कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्ध सामना होता. त्या वेळी भारतीय संघाचे शिक्षक हॉलंडचे विम कोव्हरमान्स हे होते. ह्या सामन्यात इझुमी भारतातर्फे प्रथम उतरला. भारत 2 विरुद्ध 4 गोलांनी हरला. पदार्पणाच्या दिवशी विजयाचा गुलाल उधळला गेला असता तर गोष्ट अधिक गोड झाली असती, परंतु त्या काळातील भारतीय फुटबॉलची अवस्था पाहता हा निकाल काही अचंब्याचा नव्हता. पुढेही त्याच्या वाट्यास आलेले आंतरराष्ट्रीय सामने हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. जपानचे नागरिकत्व एका पारड्यात आणि हे थोडे सामने दुसऱ्या पारड्यात घालून कोणी वजन करू लागला, तर त्यास हा व्यवहार आतबट्ट्याचा दिसेल. असे वजन करणाऱ्याने एवढे मात्र लक्षात घ्यावे की, तिसाव्या वर्षी आपल्याला किती सामने मिळतील ह्याचा अंदाज इझुमीस त्याच्यापेक्षा चांगला होता.

इतर देशांत अशा खेळाडूंचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. खुद्द जपानचेच उदाहरण घ्यावे. ब्राझीलमध्ये जन्मलेला रुई रामोस 1977 मध्ये जपानात आला आणि तोक्योच्या योमिउरी संघात खेळू लागला. बारा वर्षांनी, 1989 मध्ये, तो जपानचा नागरिक झाला आणि त्याने आपले नाव जपानी चित्रलिपीत लिहावयास घेतले. तोही मधल्या फळीचाच खेळाडू. 1992 साली हिरोशिमा येथे जपानने प्रथमच आशिया चषक जिंकला तो रामोस मधे असताना. लांब केसांचा, दाढीवाला, रागीट असा हा माणूस जपान्यांस आपला वाटू लागला, कारण त्याच्या संघाने जिंकून दाखविले. पुढच्या वर्षी दोहा येथे इराकविरुद्ध अखेरच्या क्षणी गोल होऊन विश्वचषक हातचा निसटला, तेव्हाही तो मैदानावर होता. त्या दुःखाचाही तो वाटेकरी झाला. पोर्तुगालच्या डेकोची गोष्ट निराळी. तोही ब्राझीलचाच, आणि मधल्या फळीचाच. 29 मार्च 2003 रोजी तो पोर्तुगालतर्फे प्रथम उतरला तो नेमका ब्राझीलविरुद्ध, आणि दुरून मारलेल्या फ्री किकवर विजयाचा गोल त्यानेच केला. पोर्तुगालच्या लुईश फिगोने अशा खेळाडूंस संघात घेण्याविषयी नाराजी उघड बोलून दाखविली होती. पण एका गोलाने पुष्कळ वाद मिटतात. इझुमीच्या वाट्यास असा गोलही आला नाही आणि असा वादही आला नाही. भारतात त्याच्याविरुद्ध कोणी ओरड केली नाही. पण फारसे कोणी स्वागतास धावले असेही नव्हे. ज्या देशात संघाचा सामना कधी झाला हेच बहुतेकांस ठाऊक नसते, तेथे परका कोण आणि आपला कोण याची चर्चा तरी कोण करणार?

ही चर्चा पेटली ती बारा वर्षांनी, आणि तीही शेजाऱ्यामुळे. 25 मार्च 2025 रोजी शिलाँग येथे बांगलादेशाच्या संघातून हमझा चौधरी प्रथम खेळला. हाही मधल्या फळीचा खेळाडू. त्याचा जन्म इंग्लंडातील लफबरो गावचा, आई बांगलादेशी, आणि सारे शिक्षण लेस्टर सिटीच्या मैदानावर झालेले. सामना गोलाशिवाय बरोबरीत सुटला, परंतु इंग्लंडच्या वरच्या साखळीत तयार झालेला गडी मधे उभा राहिल्यावर बांगलादेशाच्या खेळात केवढा फरक पडतो, हे शिलाँगच्या प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिले. चौधरीस इंग्लंडचे नागरिकत्व सोडावे लागले नाही. बांगलादेश तशी सवलत देतो. आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेचे नियमही बरेच सैल आहेत. ज्या देशातर्फे खेळावयाचे त्याचे नागरिकत्व असावे, आणि जन्म, आई-बाप, आजा-आजी यांपैकी कोणाचा तरी तेथील संबंध असावा, किंवा वयाच्या अठराव्या वर्षानंतर पाच वर्षे तेथे राहणे झालेले असावे, एवढेच तिचे म्हणणे. दुसरा पासपोर्ट फेकून द्या, असे ती म्हणत नाही. ते भारताचे म्हणणे आहे.

ह्या म्हणण्यास आधार नाही असे मात्र समजू नये. ज्यास संकटाच्या वेळी दुसरे घर आहे, त्याच्यावर किती विसंबावे, ही शंका घटना लिहिणाऱ्यांस फाळणीच्या धुमाळीत पडली होती आणि ती पोकळ नव्हती. फक्त ती शंका नागरिकांविषयी होती, मधल्या फळीतील खेळाडूंविषयी नव्हती. आणि एकाच मापाने दोघांस मोजले की हातात येतात ते इझुमीसारखे एक-दोन. त्याच्यानंतर त्या वाटेने दुसरा येण्यास 2025 साल उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेला रायन विल्यम्स हा बंगळुरूच्या संघातील खेळाडू. त्याच्या आईचे घराणे मुंबईचे, अँग्लो-इंडियन; आणि त्याचे आजोबा लिंकन ग्रोस्टेट हे 1950 नंतरच्या दशकात संतोष चषकात मुंबईतर्फे खेळलेले. विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले आणि त्या नोव्हेंबरात तो संघाबरोबर ढाक्यास गेला. तेथे कागद अडला. आधी तो ऑस्ट्रेलियातर्फे एक सामना खेळलेला असल्याने तेथील संघटनेची व आंतरराष्ट्रीय संघटनेची संमती वेळेत हाती पडली नाही. 18 नोव्हेंबरचा तो सामना भारत बांगलादेशाशी एका गोलाने हरला, विल्यम्स बाहेर आणि हमझा चौधरी आत, अशा स्थितीत.

ह्या संदर्भात हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव घ्यावयास हवे. पेशाने शाळामास्तर असलेल्या ह्या गृहस्थांनी शिकविलेल्या भारतीय संघाने 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविला आणि 1962 साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्यांस कोणाचे नागरिकत्व बदलून घ्यावे लागले नव्हते. हैदराबाद, मुंबई आणि कोलकाता येथील गल्ल्या-मैदानांतून त्यांस माणसे मिळत. योगायोग असा की, 1956 च्या 1 नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मेलबर्नचे सामने सुरू झाले. फुटबॉलच्या त्या राजधानीशी औरंगाबादचे नाते तुटले ते तेव्हाचेच.

इझुमीच्या कारकिर्दीचा पुढचा भाग थोडक्यात सांगता येण्याजोगा आहे. 2014 मध्ये देशात नवी धनाढ्य साखळी सुरू झाली. 2015 च्या हंगामात तो ॲटलेटिको डी कोलकाता संघातून खेळला आणि तेथे त्याने गोलही केले. 2016 मध्ये पुणे सिटी, आणि 2017-18 मध्ये केरळ ब्लास्टर्स. वयाच्या पस्तिशीत मधल्या फळीत धावणे हे सोपे काम नव्हे, हे ज्यांनी कधी शाळेच्या मैदानावर तरी हा खेळ खेळला आहे त्यांस सांगावयास नको.

पण ह्या नावांची यादी पुन्हा एकदा वाचली म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. महिंद्र युनायटेड 2010 साली बंद झाला. कारखान्याच्या चालकांनी तसे ठरविले आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका हंगामाच्या शेवटी नाहीसा झाला. पुणे फुटबॉल क्लबचा मोठा संघ 2015 मध्ये मिटला. पुणे सिटी 2019 मध्ये मोडला आणि त्याची साखळीतील जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. ॲटलेटिको डी कोलकाता पुढे नाव बदलून 2020 मध्ये मोहन बागानात विरघळला. ज्या संघांसाठी ह्या माणसाने महाराष्ट्रात घाम गाळला, त्यांपैकी एकही आज मैदानावर नाही. त्यांचे रंग, त्यांचे झेंडे, त्यांच्या घोषणा जुन्या छायाचित्रांत उरल्या. जे घेतल्यामुळे त्याचे सर्वांत अधिक नुकसान झाले असे लोक समजतात, तेवढे मात्र त्याच्याजवळ शिल्लक राहिले. ते म्हणजे 2012 साली मिळालेला कागद.

खेळणे थांबविल्यावर तो जपानला परतला नाही. नव्या मुंबईत घणसोलीच्या बाजूस रिलायन्स प्रतिष्ठानाने मुलांसाठी फुटबॉलचे निवासी विद्यालय चालविले आहे. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून निवडून आणलेली मुले तेथे राहतात, सकाळी शाळा शिकतात आणि मैदानावर घडविली जातात. तेथे इझुमी शिक्षक झाला, आणि ह्या मुलांचा संघ घेऊन तो मोठ्या संघांच्या राखीव फळ्यांशी सामने खेळवू लागला. त्या मुलांपैकी कोणी उद्या मधल्या फळीत भारतातर्फे उभा राहिला, तर त्यास त्यासाठी कायद्याच्या कोणत्याही कलमाची पायरी चढावी लागणार नाही.